असायलमच्या (निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्या अर्जाच्या) निकालाची वाट बघणाऱ्या बाईंना कामावर ठेवता येईल का? (यूके)

पोळपाट_लाटणे | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस रोमात (नुसतीच वाचत) होते. आज अडलं म्हणून धागा काढतेय.

मी लेस्टरमध्ये डबे करते. सात वर्षं झाली. घरच्या ओट्यावरून सुरुवात केली, आता बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या बाजूला छोटं किचन भाड्याने घेतलंय. रोजचे साठ-सत्तर डबे, शनिवारी पुरणपोळ्या. हाताखाली दोघीजणी आहेत, त्यातली एक दिवाळीनंतर मँचेस्टरला चाललीय.

दर गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये मी इंग्रजी शिकवायला जाते. शिकवणं कसलं, चहा पीत गप्पा मारायच्या. तिथे एक अफगाण बाई येतात. हेरातच्या, चाळिशीतल्या. असायलमचा अर्ज करून नऊ महिने झाले. त्या आणि बारा वर्षांचा मुलगा हॉटेलच्या एका खोलीत राहतात. हिंदी मालिका बघून हिंदी शिकल्यात आणि माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात.

मागच्या गुरुवारी हॉलच्या स्वयंपाकघरात त्यांनी पीठ मळलं. पाणी मोजलं नाही, काही नाही. गोळा लांबट थापला, बोटं पाण्यात बुडवली आणि नांगरटीसारख्या चार सऱ्या ओढल्या, वर कलौंजी. साध्या ओव्हनमधून जे नान निघालं ते खाऊन मी घरी आले आणि माझ्याच पोळ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

तर प्रश्न असा. यांना मला कामावर ठेवता येईल का? त्यांच्या कार्डावर काम करायची परवानगी नाही असं छापलंय, ते मी वाचलंय. पण पगार न देता नुसतं मदतीला आल्या, आणि मी त्यांना किराणा, मुलाला डबा असं काही दिलं, तर? हा व्यवहार नाही, शेजारधर्म आहे. हॉटेलात त्यांना जेवण मिळतं आणि हातात आठवड्याला ८ पौंड ८६ पेन्स. मुलाच्या बसभाड्यातच ते संपतात.

सोमवारपेठ | ६ ऑक्टोबर, १०.०२

ताई, नका.

उंडगा | ६ ऑक्टोबर, १०.१०

सोमवारपेठेचा नेहमीप्रमाणे सविस्तर प्रतिसाद. :)

कायद्याची_वही | ६ ऑक्टोबर, ११.३५

मी वकील नाही. हौन्सलोला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात दहा वर्षं फायली उचलतेय, त्या जोरावर लिहिते. अंतिम सल्ला रीतसर माणसाकडूनच घ्या.

पोताई, इथला नियम असा आहे. अर्ज करून बारा महिने उलटले, निकाल आला नाही, आणि उशिरात अर्जदाराचा दोष नाही, तर होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, कामाची परवानगी मागता येते. आपोआप मिळत नाही, मागावी लागते. मिळाली तरी कुठलंही काम चालत नाही. सरकारची एक यादी आहे, तिच्यातलंच काम करायचं. या एप्रिलपर्यंत तिला शॉर्टेज ऑक्युपेशन लिस्ट म्हणत, आता नाव बदलून इमिग्रेशन सॅलरी लिस्ट झालंय आणि यादी आखडलीय. शेफ पूर्वी होता, आता नाही. पोळ्या करणारी तर कधीच नव्हती.

म्हणजे तुमच्या बाईंना आत्ता काहीच करता येणार नाही. जानेवारीनंतर परवानगी आली तरी तुमच्याकडे येता येणार नाही. आणि "मग घरून नान विकू दे" असं कोणी सुचवायच्या आत सांगते, त्या परवानगीत स्वतःचा धंदाही बसत नाही.

आता पगार नको, किराणा देईन वगैरे. किराणा हा मोबदलाच झाला. पण काहीही न देता राबवलंत तरी चालत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना स्वयंसेवा करता येते, ती नोंदणीकृत चॅरिटी, सेवाभावी संस्था किंवा सरकारी संस्थेत. आणि मिळणार काय, तर बसभाडं आणि खाण्यापुरता खर्च. तुमचं किचन हा धंदा आहे. धंद्यात फुकट काम केलं तरी होम ऑफिसच्या लेखी ती नोकरी.

पकडलं गेलं तर या फेब्रुवारीपासून मालकाला एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, आधी १५,००० होता. पुन्हा सापडलात तर ६०,०००. जाणूनबुजून ठेवलंत तर तुरुंगही. तुमचं एक वेळ सोडा, पण २०१६ च्या कायद्याने काम करणाऱ्यावरही गुन्हा लागतो आणि मिळालेला पगार जप्त होऊ शकतो. असायलमची केस चालू असताना बाईंच्या फायलीत असा कागद जायला नको.

पोळपाट_लाटणे | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

बाप रे. फुकटही नाही? मी तर "पुढच्या गुरुवारी किचन बघायला या" म्हणून सांगून बसलेय.

कायद्याची_वही | ७ ऑक्टोबर, ८.५०

बघायला येऊ द्या की. चहा पाजा. लाटणं मात्र हातात देऊ नका. :)

उंडगा | ७ ऑक्टोबर, १२.२०

ती यादी आत्ता उघडून वाचली. हसून हसून पुरेवाट. गवंडी, छप्पर शाकारणारे, सुतार हे समजलं. केअर वर्कर समजलं. पण शास्त्रीय बॅले नाचणारे? ऑर्केस्ट्रातले वादक? रेसच्या घोड्यांचा खरारा करणारे?

म्हणजे हेरातहून जीव मुठीत धरून येताना घोडा घेऊन आलं असतं तर काम झालं असतं.

निवांत_नाना | ७ ऑक्टोबर, १३.०५ (न्यू जर्सी)

अमेरिकेत हा प्रकार अगदी उलटा आहे, म्हणून दोन शब्द.

इकडे असायलमचा अर्ज केला की घड्याळ चालू होतं. सगळे त्याला क्लॉकच म्हणतात. १५० दिवस झाले की वर्क परमिटचा अर्ज टाकायचा, १८० दिवसांच्या आत हातात पडत नाही. पहिल्या परमिटला २०२४ मध्ये तरी फी नाही. कार्डावर सी-०८ असा वर्ग असतो. एकदा ते कार्ड आणि सोशल सिक्युरिटी नंबर आला की कुठलंही काम करा. ट्रक चालवा, हॉटेलात भांडी घासा, सॉफ्टवेअर लिहा. यादी-बिदी काही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्डाची मुदत पाच वर्षांची केली.

गोम घड्याळात आहे. तुम्ही तारीख पुढे ढकलून मागितली, ठसे द्यायला गेला नाहीत, की घड्याळ थांबतं. कोर्टाने स्वतःहून दोन वर्षांनंतरची तारीख दिली तर चालू राहतं. आमच्या देवळात दुभाष्याचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. ते सांगतात की लोकांना केसचा नंबर पाठ नसतो, पण "माझे दिवस किती झाले" ते विचारल्याबरोबर सांगतात. कोणी १३२, कोणी १४७.

आणि हे १८० कुठून आलं तेही सांगतो. १९९५ च्या आधी अर्जासोबतच परमिट मागता यायचं. त्यामुळे नुसत्या परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांची रीघ लागली. जानेवारी १९९५ पासून सरकारने दोन्ही गोष्टी सुट्या केल्या. मी तेव्हा नुकताच आलो होतो, एडिसनला चौघांत एक अपार्टमेंट. खाली राहणारा एक पंजाबी मुलगा रोज माझ्याकडे येऊन कॅलेंडरवर फुली मारायचा. त्याच्या खोलीत कॅलेंडर नव्हतं.

मात्र इकडे सरकार हॉटेल आणि आठवड्याचे पैसे देत नाही. न्यूयॉर्कसारखी शहरं निवारा देतात ते सोडा. त्यामुळे पहिले सहा महिने माणूस खातो काय, हे विचारायचं नाही. तुमच्याकडे पान वाढतात पण चूल पेटवू देत नाहीत. आमच्याकडे चुलीची परवानगी सहा महिन्यांनी, तोवर पान कुठे आहे ते तुमचं तुम्ही बघा.

रांगेतला_तेरावा | ७ ऑक्टोबर, १५.४०

नाना, मग आमचं काय? २०१२ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. कर भरला, सोशल सिक्युरिटी भरली, नोकरी बदलायची तर पोटात गोळा. हे येतात आणि सहा महिन्यांत कुठेही काम करायला मोकळे. कायदा पाळणाऱ्यांना रांग, बाकीच्यांना शॉर्टकट.

सातारी_कंदी | ७ ऑक्टोबर, १६.१५

तेरावे, तुमचं दुखणं खरंय, पण पत्ता चुकलाय. तुम्ही पगार घेत रांगेत उभे आहात.

मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, होते. एम.टेक. असून चार वर्षं घरात. मे २०१५ मध्ये एच-फोरवाल्यांना परमिट सुरू झालं, तेही नवऱ्यासाठी कंपनीने केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज (आय-१४०) मंजूर असेल तर. त्या चार वर्षांत मी काय केलं? कपाटं लावली, पुन्हा लावली. पाहुणे "काय करतेस?" विचारायचे तेव्हा मी बाथरूममध्ये जायचे. माझ्या डोक्यावर छप्पर होतं, नवऱ्याचा पगार होता, परत जायला सातारा होता. तरी मी आतून सडत होते. त्या बाईंना परत जायला हेरात नाही. तिथे बायकांना बहुतेक नोकऱ्या बंद, मुलींना सहावीपुढे शाळा नाही.

रांगेतला_तेरावा | ७ ऑक्टोबर, १६.३०

पत्ता चुकला असेल. राग खरा आहे.

सातारी_कंदी | ७ ऑक्टोबर, १६.३२

त्याला अनुमोदन.

अण्णा_स्पष्टवक्ते | ७ ऑक्टोबर, १८.००

सगळे गहिवरलेले दिसतात, म्हणून काडी टाकतो. असायलमच्या नावाखाली किती खोटे अर्ज होतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे लंडनजवळ आमच्या गल्लीत दोन पोरं, विद्यार्थी व्हिसावर आलेली, व्हिसा संपला तसा अर्ज ठोकला. "गावाकडे जिवाला धोका." कसला धोका? हप्ते थकलेत, तो धोका. कामाची परवानगी सैल केली तर उद्या सगळे हेच करतील. बारा महिने आणि यादी हे ब्रेक आहेत, आणि हवेतच.

कायद्याची_वही | ७ ऑक्टोबर, २१.१०

अण्णा, खोटे अर्ज होतात, मी फायली बघते. भारतीयांपुरतं म्हणाल तर सरकारने या एप्रिलपासून भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घातलंय. आयर्लंडनेही जुलैत तेच केलं.

पण ब्रेकचं म्हणणं पटत नाही. २००२ पर्यंत इथेही सहा महिन्यांनी परवानगी मागता यायची, यादीशिवाय. ती जुलै २००२ मध्ये काढून घेतली, कारण हेच की लोक कामासाठी येतात. त्याला बावीस वर्षं झाली. लोकांना घेऊन येणाऱ्या बोटी थांबल्या का? माझ्यासमोर बसणाऱ्या अर्जदारांना इथे पोचेपर्यंत बारा महिने हा आकडा माहीतच नसतो. मी सांगते तेव्हा कळतो, आणि चेहरा पडतो.

डब्लिनकर | ७ ऑक्टोबर, २१.४५

आयर्लंडचं नाव निघालंच आहे तर. इथे पूर्वी बंदी पूर्ण होती. बारा महिने नाही, यादी नाही, कायमची बंदी. म्यानमारहून आलेल्या एका माणसाची आठ वर्षं सरकारी निवाऱ्यात गेली, आठवड्याला एकोणीस युरोंवर. तो कोर्टात गेला. मे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वाट बघण्याला काही मुदतच नसताना कामावर सरसकट बंदी घालणं घटनेत बसत नाही. २०१८ मध्ये नियम बदलले. आता पाच महिने झाले की अर्ज करायचा, सहाव्या महिन्यापासून काम. सरकारी नोकरी, पोलीस, सैन्य सोडून जवळजवळ सगळं चालतं.

आमच्या कंपनीच्या गोदामात असे तिघे आहेत. त्यातला एक झिंबाब्वेचा हिशेबनीस, इतका चोख की आमचा मॅनेजर त्याच्याकडे कोरा कागद घेऊन जातो.

अडचणी आहेतच. निवारा गावाबाहेर कुठेतरी, शेवटची बस सहाला. परवाना वर्षाचा, त्यामुळे नूतनीकरण जवळ आलं की मालक कुरकुरतो. आणि सहा महिन्यांच्या आत पहिला निकाल आला, मग तो नकाराचा का असेना, की परवाना मिळत नाही. म्हणून काही जण निकाल उशिरा यावा म्हणून प्रार्थना करतात, असं विनोदाने म्हणतात. विनोदानेच म्हणतात असं मला वाटत नाही.

खमंग_भाजणी | ८ ऑक्टोबर, १०.३०

अवांतर: पोताई, नानाची कृती मिळेल का? अफगाण बोलानी पण करतात ना त्या? आमच्या शेजारी करायचे, पातळ पारी, आत बटाटा किंवा पातीसारखी हिरवी भाजी. आपल्या आलूपराठ्याची सडपातळ बहीण.

पोळपाट_लाटणे | ८ ऑक्टोबर, १४.००

हो, करतात! ती भाजी म्हणजे गंदना. इथे मिळत नाही म्हणून लीक वापरतात आणि दर वेळी लीकला नावं ठेवतात. मी त्यांना थालीपीठ खिलवलं. त्या म्हणाल्या, "याला मध्ये भोक का? वाफ जायला? मग तेल का ओतता?" मला उत्तर देता आलं नाही.

खमंग_भाजणी | ८ ऑक्टोबर, १४.२०

म्हणजे काय, भोकातून तेल सोडलं की खालची बाजू... जाऊ दे, वेगळा धागा काढते. लेस्टरला भाजणी मिळते का?

सोमवारपेठ | ८ ऑक्टोबर, १४.२५

भोक हवंच.

जालचावडी | ८ ऑक्टोबर, २०.००

थालीपीठ पाककृती विभागात. इथे मूळ विषयावर या.

जुनाच_नवा_आयडी | ९ ऑक्टोबर, ०१.१५

हे दुसऱ्या आयडीने लिहितोय, कारण कळेलच.

मी असायलमवाला नव्हतो, विद्यार्थी होतो. आठवड्याला वीस तासांची मर्यादा. फी भरायला कमी पडत होते म्हणून एका रेस्टॉरंटमध्ये वीस तास कागदावर आणि पंचवीस तास रोखीने करायचो. आपलाच माणूस होता मालक, मराठी नाही पण आपल्याकडचाच. पहिले दोन महिने "बेटा बेटा". तिसऱ्या महिन्यापासून रोखीचे पैसे "पुढच्या शुक्रवारी". सात शुक्रवार गेले. मी जरा आवाज चढवला तर तो शांतपणे म्हणाला, "जा, तक्रार कर. फॉर्मवर काय लिहिशील?"

तिथे भांडी घासायला एक इराणी माणूस होता, तो असायलमवाला. त्याला तर तासाला चार पौंड. हात भाजला एकदा, फ्रायरचं तेल. मालकाने दवाखान्यात नेलं नाही, टूथपेस्ट लावायला दिली. तो पण गेला नाही, कुठे भाजलं असं विचारतील म्हणून. मीही काही बोललो नाही, हे लिहायलाच हवं.

पोताई, तुम्ही तसं वागणार नाही हे वाचूनच कळतं. पण तुमच्या किचनमध्ये त्यांचा हात भाजला तर तुम्ही काय कराल, याचा विचार करून बघा.

पोळपाट_लाटणे | ९ ऑक्टोबर, ०५.५०

कणीक मळता मळता वाचलं. काही सुचेना. धन्यवाद लिहिलंत त्याबद्दल.

ब्रेत्सेलवाला | ९ ऑक्टोबर, १९.३०

श्टुटगार्टहून. जर्मनीत तीन महिन्यांनी काम करता येतं, पण सुरुवातीच्या सरकारी छावणीत राहत असाल तर सहा महिन्यांनी. या फेब्रुवारीपर्यंत ते नऊ होते. प्रत्येक नोकरीसाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीची वेगळी संमती लागते, मालकाने कामाचं वर्णन, तास, पगार असा फॉर्म भरून द्यायचा. सुरक्षित म्हणून ठरवलेल्या देशांतून आलेल्यांना बहुतेक बंदीच.

इथली गंमत म्हणजे छावणीतली कामं. झाडलोट, बागकाम, तासाला ८० सेंट. चुकून लिहिलं नाही, ऐंशी सेंटच. यंदा थुरिंगियातल्या जाले-ओर्ला जिल्ह्याने ते सक्तीचं केलं, रोज चार तास, त्यावर पेपरांत बरीच धुळवड झाली. एकीकडे "हे लोक काम करत नाहीत" म्हणून ओरड आणि दुसरीकडे रीतसर नोकरी मिळाली तर संमतीच्या कागदाला दोन-दोन महिने.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत एक सीरियन मुलगा उमेदवारी करत होता. पहाटे तीनला यायला जर्मन पोरं तयार नाहीत, हा सायकलवर यायचा. आता तो तिथला मुख्य बेकर आहे. म्हातारा मालक म्हणतो, मी कागद भरायला शिकलो आणि तो ब्रेत्सेल वळायला.

अण्णा_स्पष्टवक्ते | ९ ऑक्टोबर, २०.१०

८० सेंट! यापेक्षा आमची रोहयो बरी.

पंचगंगाकाठ | १० ऑक्टोबर, ०९.००

सगळे परदेशातलं सांगतायत, मी कोल्हापुरातून लिहितो. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे निर्वासित होते, जवळपास पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दुकानं, सगळं कॅम्पात. आजी सांगायची, गोऱ्या बायका बाजारात येऊन मराठीत घासाघीस करायच्या. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तेव्हा कोणी बारा महिने थांबा म्हणालं नाही.

कायद्याची_वही | १० ऑक्टोबर, ०९.४०

सुंदर आठवण. पण पंचगंगाकाठ, त्यांचा खर्च करणारं सरकार होतं आणि युद्ध संपल्यावर ते जाणार हे गृहीत होतं. तुलना थोडी जपून.

डेक्कन_जिमखाना | १० ऑक्टोबर, १३.००

आणि आजच्या भारताचं कोण सांगणार? आपण १९५१ च्या निर्वासित कराराचे सदस्यच नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेट्यांची गोष्ट निराळी, त्यांना वसाहती दिल्या. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नॉर्ग्येलिंग आहे. बाकीच्यांना दिल्लीला जाऊन यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड मिळालं तरी त्यावर नोकरीचा हक्क येत नाही.

पुण्यात अफगाण विद्यार्थी किती होते ते पुणेकरांना माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा माझ्या वडिलांच्या भाडेकरूंत दोघं होते, एकजण एम.ए. शेवटच्या वर्षाला. घरून पैसे येणं बंद झालं. विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही. वडिलांनी भाडं सोडलं, मेसवाल्या काकूंनी डबा सोडला. पण तो रोज सकाळी खाली येऊन वडिलांची स्कूटर पुसायचा. वडील म्हणायचे, "अरे, नको." तो पुसायचाच. शेवटी वडिलांनी त्याला ओरडणं बंद केलं. काम करू न देणं हा पण एक अपमान असतो, असं ते नंतर म्हणाले. तो पुढे कॅनडाला गेला. वडील अजून स्कूटर वापरतात, पुसत मात्र नाहीत.

सातारी_कंदी | १० ऑक्टोबर, १३.३०

बाथरूममध्ये जाण्याचंच हे दुसरं रूप. वाचनखूण साठवली.

पोळपाट_लाटणे | १७ नोव्हेंबर २०२४, २१.००

उशिरा येतेय, दिवाळीच्या ऑर्डरींत बुडाले होते.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही विचारलंत. ज्यांना माहीत असतं ते विचारत नाहीत, सरळ चार पौंड सांगतात." म्हणजे त्यांना तसे विचारून गेलेले लोक होते.

मग 'वही'च्या सांगण्याप्रमाणे एका नोंदणीकृत चॅरिटीच्या स्वयंपाकघरात नाव घातलं. मंगळवार-शुक्रवार शंभर माणसांचं जेवण. बसचे पैसे मिळतात. मीही शुक्रवारी जाते. तिथे त्यांच्या हाताखाली काम करते, कारण तिथे त्या मुख्य आहेत आणि मी कांदा चिरते.

ऑगस्टमध्ये रॉदरहॅम, टॅमवर्थला असायलमवाल्यांच्या हॉटेलांवर दगडफेक-जाळपोळ झाली, तेव्हापासून मुलगा एकटा बाहेर पडत नव्हता. आता आईबरोबर येतो आणि ताटं मोजतो.

अण्णा_स्पष्टवक्ते | १७ नोव्हेंबर, २१.४०

म्हणजे पगार देऊन काम करवलं तर गुन्हा आणि फुकट करवलं तर सेवा. हा कायदा मलाही विनोदी वाटायला लागलाय.

उंडगा | १७ नोव्हेंबर, २१.४२

आज सूर्य पश्चिमेला उगवला. अण्णा आणि मी एका बाजूला.

कायद्याची_वही | १८ नोव्हेंबर, ०८.३०

पोताई, ६ जानेवारीच्या आसपास बारा महिने होतात ना? त्या दिवशी परवानगीचा अर्ज टाकायला सांगा, एक दिवसही थांबू नका. केअर वर्कर यादीत आहे, अनेक बायका तिकडे जातात. आणि कोणी मालक मिळाला तर त्याला सांगा की नुसतं कार्ड बघून चालत नाही. होम ऑफिसच्या तपासणी सेवेकडून लेखी होकार घ्यायचा, तो सहा महिने चालतो, मग पुन्हा विचारायचं. हे लचांड नको म्हणूनच बरेच मालक दारातूनच नाही म्हणतात.

पोळपाट_लाटणे | २३ फेब्रुवारी २०२५, १९.१५

धागा वर काढतेय.

परवानगीचा अर्ज टाकला होता, त्याचं उत्तर आजतागायत नाही. त्याआधी केसचाच निकाल आला. मंजूर! गेल्या मंगळवारी. बाई फोनवर रडल्या नाहीत, मी रडले.

मग लगेच दुसरी धावपळ. हॉटेल सोडायला ५६ दिवस. डिसेंबरपर्यंत २८ च होते म्हणे. खोली भाड्याने घ्यायला गेलो तर घरमालक तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतो. वर्षभर काम करू दिलं नाही आणि आता स्लिपा दाखवा. काउन्सिलच्या चकरा चालू आहेत.

कालच त्या किचनमध्ये आल्या, या वेळी बघायला नाही. आता प्लास्टिकचं कार्ड नसतं, सगळं ऑनलाइन. त्यांनी फोनवर कोड काढला, नऊ अक्षरांचा, डब्ल्यूने सुरू होणारा. मी लॅपटॉपवर कोड आणि जन्मतारीख टाकली, त्यांचा फोटो आला आणि खाली काम करण्याचा हक्क आहे असं वाक्य. प्रिंट काढून फाइलला लावलं. हात पिठाचे होते, कागदावर ठसा उमटलाय, चालेल ना?

मी म्हटलं, पगाराचं बोलू. त्या म्हणाल्या, "आत्ता किमान ११ पौंड ४४, एप्रिलपासून १२.२१. मला १३ हवेत. नान तुमच्या पोळीपेक्षा जास्त विकलं जाईल." शिवाय येत्या आठवड्यात रमजान सुरू होतोय, महिनाभर पहाटेची पाळी पाहिजे. आणि पाकिटावर त्यांचं नाव. मी साडेबारा म्हटलं. त्यांनी पर्स उचलली.

तेरावर ठरलं.

उंडगा | २३ फेब्रुवारी, १९.३०

वळिवड्याची घासाघीस लेस्टरला पोचली!

सोमवारपेठ | २३ फेब्रुवारी, १९.३३

आता ठेवा.

कायद्याची_वही | २३ फेब्रुवारी, २०.०५

ठसा चालेल. तारीख मात्र कागदावर घाला, तपासणी पहिल्या दिवसाच्या आधी झाली हे दिसलं पाहिजे. आणि पहिली स्लिप आठवड्याची काढा, महिन्याची नको. घरमालकाला चार कागद लवकर दाखवता येतील.

रांगेतला_तेरावा | २३ फेब्रुवारी, २३.५०

अभिनंदन बाईंचं, मनापासून. आमची रांग तिथेच आहे.

पोळपाट_लाटणे | २४ फेब्रुवारी, ०६.०५

तेरावे, लेस्टरला या कधी. नान माझ्याकडून.

अजून एक विचारायचं राहिलं. माझा ओव्हन घरगुती आहे, एका वेळी दोनच नान बसतात आणि बाईंनी कालच त्याला नावं ठेवली. मिडलंड्समध्ये जुना, दगडी तळाचा ओव्हन कोणाकडे आहे का? गॅसवरचा हवा, आमच्या किचनला तीन-फेजची वीज नाही.

ब्रेत्सेलवाला | २४ फेब्रुवारी, ०७.२०

नॉटिंगहॅमला माझा मावसभाऊ पिझ्झाचं दुकान बंद करतोय. व्यक्तिगत निरोप पाठवतो.